काळी धूळ

मिरजोळ्याच्या एका वर्कशॉपमध्ये राही कार्बन फायबरच्या प्लेटांना स्क्रूची भोकं पाडायची. ड्रिल कोरडंच चालवायचं, त्यामुळे काळी धूळ तिच्या नाकातोंडात जायची. गणपतीपासून खोकला हटेना, तेव्हा ती म्हणाली, “शेठ, धूळ खेचायचं मशीन बसवा ना ओ.”

“रुमाल बांध गो तोंडाला.”

शिमग्याच्या तोंडावर तीच वीजवाहक धूळ ड्रिल मशीनच्या इलेक्ट्रॉनिक कार्डात शिरली आणि शॉर्ट होऊन काम बंद पडलं. त्याच आठवड्यात धूळ खेचायचं मशीन हजर.

फिटरने विचारलं, “शेठ, पाइपाचं तोंड कुठे ठेवू? बाई उभ्या राहतात तिथे?”

“छे! कार्डाजवळ ठेव. कार्ड जर्मनीहून मागवावं लागतं. बाई काय, लांज्यातही मिळते.”