दहावा नमुना

जास्वंदीच्या पाकळ्या घासून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या सईनं ओट्यावर पेपर अंथरून ओळीनं मांडल्या होत्या. लिंबाच्या थेंबानं जांभळी पट्टी गुलाबी झाली, चिंचेच्या कोळानंही झाली, साबणाच्या पाण्यानं हिरवी. विज्ञानाच्या बाईंनी घरातल्या दहा वस्तू तपासून आणायला सांगितल्या होत्या. विमल खाली बसून मेथी निवडत होती. लेक प्रत्येक रंग ओरडून सांगायची, तेवढ्यापुरती ती मान वर करायची.

दहाव्या पट्टीला सई गप्प झाली.

विमल उठून आली. थेंब पडला होता तिथं कागद लालभडक झाला होता. बघता बघता तो काळा पडला आणि तिथं भोक पडलं. खालच्या पेपरलाही पडलं.

"हे काय घातलंस?"

दादाच्या कपाटातली बाटली, सई म्हणाली. शर्टांच्या मागं होती. नऊच वस्तू झाल्या होत्या म्हणून शोधत होते. पाणीच वाटलं, पण हात लावला नाही, शाईच्या फिलरनं काढलं.

विमलनं आधी लेकीचे दोन्ही हात नळाखाली धरले, बराच वेळ. मग बाटली हातात घेतली. काळी, जाड प्लास्टिकची, गळ्यापर्यंत भरलेली. संडास धुवायचं असेल, ती मनाशी म्हणाली. गाडीच्या बॅटरीचं असेल. पण संडासाचं मोरीत ठेवतात आणि गाडीचं गाडीपाशी. इस्त्रीच्या शर्टांमागं कुणी ठेवत नाही.

परवा जेवताना तिनंच सांगितलं होतं, पलीकडच्या आळीतल्या सुप्रियाचा साखरपुडा ठरला, रविवारी, इंदापूरला. सईचा दादा, कुशल, अर्ध्या ताटावरून उठला होता. गेल्या वर्षी त्यानं तिथं मागणी घालायला लावली होती आणि त्या लोकांनी नको म्हटलं होतं. त्यानंतर त्या पोरीचं नाव त्यानं घरात कधी काढलं नव्हतं.

तिनं मोरीत बादलीभर पाणी घेतलं. पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडात पाणी नाही, असं बाईंनी शिकवलंय, सईनं मागून सांगितलं. विमलनं धार बारीक धरली. बादली हाताला गरम लागायला लागली. मग तिनं खायच्या सोड्याची पुडी रिकामी केली, फेस काठावर आला. सई लांबून एकेक पट्टी बुडवत राहिली. लाल. लाल. गुलाबी. खायचा सोडा संपला तेव्हा धुण्याचा घातला. पट्टी जांभळीच राहिली तेव्हा कुठं तिनं बादली मोरीत ओतली.

बाटली चारदा विसळून तिनं नळाच्या पाण्यानं होती तेवढी भरली, कोरडी पुसली आणि शर्टांमागं होती तशी ठेवून दिली. परत का ठेवतेस, असं सईनं विचारलं. विमलनं कपाटाचं दार लावलं. त्यानं हात न लावता ती बाटली तिथंच राहू द्यावी, एवढंच तिला हवं होतं.

मग तिनं सुप्रियाच्या आईला, राजलक्ष्मीला फोन लावला. आज पोरीला बारामतीला क्लासला पाठवू नका म्हणाली. राजलक्ष्मीनं दोनदा कारण विचारलं.

"मला सांगता येत न्हाय, वहिनी. पर दाराबाहेर सोडू नका."

एमआयडीसीतली पहिली पाळी सुटल्यावर साडेतीनला कुशल आला. अंघोळ केली. कपाटाचं दार बराच वेळ उघडं होतं. बाहेर आला तो निळा शर्ट घालून, पाठीला सॅक. जेवायला वाढू का म्हटल्यावर, आल्यावर जेवतो म्हणाला. आवाज नेहमीसारखा होता, थोडा जास्तच मऊ. त्याची मोटारसायकल बारामतीच्या रस्त्याला, पिंपळीच्या फाट्याकडं वळली तशी विमल आत गेली आणि तिनं शर्ट बाजूला सारले. मागं काही नव्हतं.

ती येऊन उंबऱ्यात बसली. जाताना वाटेत कालवा लागतो. तिथं थांबेल, फेकून देईल, असं तिनं मनाशी घट्ट धरून ठेवलं. कालव्यावर तो पोहायला शिकला होता. सई दोनदा येऊन तिच्याजवळ बसून गेली.

ऊन उतरता उतरता तो परत आला. सॅक खुंटीला अडकवून मोरीत हातपाय धुवायला गेला. विमलनं जाता जाता सॅकला खालून हात लावला. बाटली आत होती. भरलेली होती.

तो पाटावर येऊन बसला. तिनं ताट वाढलं.

"कुठं गेलतास?"

"क्लासकडं. जरा काम व्हतं."

"झालं?"

"न्हाय." त्यानं भाकरी मोडली. "उद्या बघतो."

तो खाली मान घालून जेवत होता. पोट भरेपर्यंत वर बघायची त्याला पहिल्यापासून सवय नव्हती. कपाळावर केस ओले होते. विमलनं त्याच्या ताटात मेथीची भाजी आणखी घातली, तांब्या जवळ सरकवला.

मग ती ओट्यापाशी गेली. भोक पडलेला पेपर घडी करून पदराखाली घेतला, सईचा हात धरला आणि दोघी बाहेर आल्या. विमलनं दार आवाज न करता ओढलं आणि बाहेरून कडी घातली. सईनं कुठं म्हणून विचारलं. "चौकीत," ती म्हणाली, पण तिचा हात अजून कडीवरच होता.

आतून कुशलनं हाक मारली, "आई, आजून एक भाकरी दे गं."