टोपातला उंदीर

छापील चित्रांच्या दुकानाच्या काचेपुढे ही गर्दी जमली होती आणि जो तो पोट धरून हसत होता. मासळीवाल्या, घोडागाडीवाले, एक वकीलसुद्धा. काचेत लावलेलं चित्र ज्याने छपाईसाठी तांब्याच्या पत्र्यावर कोरलं, तो जोसाया पेल मात्र आत कोपऱ्यात तोंड पाडून बसला होता.

चित्र साधं होतं. न्यायाधीश खुर्चीत घोरतोय. पुढे तराजू. एका पारड्यात त्याचा केसांचा भलामोठा टोप, दुसऱ्यात हात जोडलेला पोरगा. टोपाचं पारडं जमिनीला टेकलेलं, पोराचं पार वर, जणू त्याच्या जिवाला टोपाएवढंही वजन नाही. तो पोरगा म्हणजे पेलचा भाचा टोबी. कापडाचा एक तागा चोरला म्हणून सोमवारी त्याला फाशी होती. लंडनला लाज वाटावी, ओरड व्हावी, राजाने माफी द्यावी, म्हणून पेलने डोळे फोडून ते कोरलं होतं. लोकांनी थांबून बघावं म्हणून टोपातून डोकावणारा एक उंदीरही घातला. तिथेच घात झाला. सगळं शहर उंदरालाच हसत होतं.

"डझनभर प्रती द्या," त्याच न्यायाधीशाचा नोकर आत येत म्हणाला. "आमचे साहेब हसून हसून लोळले. उंदीर तेवढा रंगवून द्या म्हणाले."

पेल उठलाच. "आणि पोराच्या माफीचं?"

"कुठला पोरगा?"

दुकानाची मालकीण क्लॅगेटबाई प्रती गुंडाळत म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका हो, पेल. सोमवारी फाशीच्या माळावर जत्रा भरेल, तिथे आणखी खपतील." बाई मनाने वाईट नव्हती. तेच जास्त लागलं.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत हेस्टर आली, टोबीची आई. तुरुंगाच्या दारातून तडक इकडेच. काचेला नाक लावून ती बघत राहिली. पेल बाहेर धावला.

"दादा, हा आपला टोबीच ना रे?"

"हो गं."

"त्यांचं पारडं खाली बसलंय, आपला टोबी वर." तिने भावाचं मनगट घट्ट धरलं. "म्हणजे सुटला ना तो? म्हणूनच हसतायत ना सगळे?"

मागून कुणीतरी उंदराकडे बोट दाखवलं, पुन्हा हशा पिकला, आणि डोळे पुसत हेस्टरही त्यांच्यात हसू लागली.