आधी समोरच्याचं

वाचनालयाच्या सभागृहात शहरातल्या वाढत्या घरभाड्यांवर चर्चा होती. नियम एकच होता: आधी समोरच्याचं म्हणणं सांगायचं, त्याने 'बरोबर' म्हटलं की मगच आपलं.

बसचालकाचं बोलून झालं. त्याचा घरमालक उठला. "यांचं म्हणणं असं, की हे घर सुटलं तर यांना शहराबाहेर जावं लागेल. मुलीची शाळा सुटेल, पहाटेच्या पहिल्या बसला हे वेळेत पोचणार नाहीत. बरोबर?"

"नाही. आईचं राहिलं."

"आईला जिने चढवत नाहीत, तळमजल्यावरचं घर पुन्हा मिळणार नाही. आता?"

"शेजाऱ्यांचं राहिलं."

"अहो, शेजाऱ्यांचं तुम्ही बोललाच नव्हता!" मालकाचा आवाज चढला. मागून कुणीतरी म्हणालं, "परीक्षा संपवा आता, मास्तर!" थोडं हसू झालं.

"बरं, शेजारी आईकडे बघतात. झालं समाधान?"

बसचालकाने खुर्चीची कड घट्ट धरली. "अजून नीट आलं नाही."

आता कुणीच हसलं नाही. बाजूला बसलेल्या बायकोने त्याच्या हातावर हात ठेवला.

"अहो, सगळं बरोबर सांगितलंय त्यांनी," ती हळूच म्हणाली. "बोलू द्या. घर कधी सोडायचं, ते तरी कळेल."