मागण्यांचा कागद

नवघरच्या मिठागर कामगारांची संघटना आता मोडायची, असं तिचा पुढारी असलेल्या तुळशीरामने ठरवलं. "तीन पिढ्या भांडलो, मिळालं काय? काय न्हाय!" आजाने लिहवून घेतलेला मागण्यांचा कागद त्याने नुकत्याच शाळेतून आलेल्या लेकीपुढे धरला. "रुचिता, एकदा वाचून दाखव. मंग फाडतो."

"पक्की घरं. पिण्याचं पाणी. म्हातारपणी पेन्शन..." ती थांबली. "बाबा, ही एक ओळ खोडलीय."

मिळालेली मागणीच तेवढी खोडायची, असा संघटनेचा रिवाज होता.

"काय हाय ती?"

"'आमच्या पोरांना मिठात उभं करू नका, शाळेत बसवा.'"

तुळशीराम तिच्या पाठीवरच्या दप्तराकडे बघतच राहिला. कागदाच्या तळाशी आजाचा, बापाचा आणि त्याचा स्वतःचा अंगठा होता.

"मंग चौथा अंगठा तुझा," तो हळूच म्हणाला.

रुचिताने दप्तरातून पेन काढलं आणि त्या कागदावर पहिली सही केली.