हजेरी

नगरपालिकेत सफाई कामगारांच्या सात जागा भरल्या. सात जागांवर सात समाजांची माणसं लागली, हे अध्यक्षांनी सत्कारात तीनदा सांगितलं. गुणवत्ता यादीत पहिली होती अनसिंगची रुचिका. एम.ए., वर टायपिंगची परीक्षा.

दुसऱ्या दिवशी मुकादमानं कामं वाटली. कोणी करवसुलीत, कोणी नळाच्या खात्यात, त्या सातांतलाच उत्कर्ष कॉम्प्युटरवर. झाडू एकट्या रुचिकाच्या हातात आला.

"मलेच काहून, काका?"

"त्यायले झाडू धरता येत नाही, पोरी."

"मले तरी कुठी येते?"

मुकादम मायेनं हसला. "तुमच्या लोकायले शिकवा लागत नाही."

दुपारी ती कचेरीमागची नाली काढत होती. उत्कर्षनं खिडकीतून हाक मारली, "ताई, हजेरी टाइप करून राह्यलो, पण मराठी जमत नाही. सांगता का?"

झाडू भिंतीला टेकवून रुचिका बाहेरूनच एकेक बटण सांगत गेली. स्क्रीनवर ओळ उमटली : सफाई कामगार, हजर सात.