पॉज दाबणाऱ्याची फेरी

"लाल दिवा लागला की पॉज दाबायचा. बस, एवढंच," चॅनेलचा निर्माता म्हणाला.

"बरं," लेक म्हणाली.

पंचाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. ही त्याचीच लेक. खिडकीजवळच्या जागेवरूनसुद्धा सख्ख्या मावशीशी हुज्जत घालणारी. आज व्हिडिओ गेमच्या फायनलच्या दिवशी नुसतं 'बरं'? मेकअपवाली तिच्या कपाळावर पावडर थापत होती आणि ती गुमान थापून घेत होती. त्याला ते बघवेना.

"अहो, आमच्यात पॉज दाबणाऱ्याची फेरी जाते," तोच मध्ये पडला. "चुकून कोपर लागलं तरी."

"तुमच्यात म्हणजे त्या खोलीत." निर्माता हसला. "हा टीव्ही आहे, पंच. ऐन रंगात जाहिरात दाखवायची तर खेळ कोणीतरी थांबवायला नको? प्रायोजक आज पाहुणे म्हणून बसलेत. हे एकदा नीट पार पडलं की पुढच्या मोसमापासून प्रत्येक फेरीत असाच ब्रेक."

"आणि दिवा कधी लावायचा ते कोण ठरवणार?"

"आम्ही. आणखी कोण?"

"म्हणजे तुमचा लाडका हरायला लागला की लाल दिवा!"

निर्मात्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "करारावर तिची सही आहे. तुमचीही आहे."

ती खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे होती. ग्रीसचा वास, एकच पडदा, आणि त्याच्यासमोर मांडीला मांडी लावून बसलेले दोघे. पडद्यावरचे पहिलवान एकमेकांना बडवायचे आणि मागे उभी असलेली पोरं घसा फोडायची. नियम फक्त एक होता, आणि तो पंचानेच घातला होता. थांबवलंस, फेरी गेली. मारामारीच्या खेळात बोटांना लय लागते. ती मधेच मोडणं म्हणजे धावणाऱ्याच्या पायात पाय घालणं. लेक लहान असताना एकदा तिला शिंक आली आणि अंगठा पॉजवर पडला. त्याने फेरी समोरच्याला दिली. ती रडत घरी गेली आणि तिची आई पुढे कित्येक दिवस त्याच्याशी धड बोलली नाही.

मग चॅनेल आलं. या कामाचा पगार मिळू शकतो हे पंचाला तेव्हा कळलं. कोट मिळाला, कोटाच्या पाठीवर गाद्यांच्या कंपनीचं नाव. झोपेचं खोबरं करून खेळणारी ही पोरं, आणि त्यांना प्रायोजक मिळाले ते गादीवाले! खेळाडूंना काचेच्या वेगवेगळ्या पेट्यांत बसवलं. त्याने तेही गिळलं. खरं सांगायचं तर तो कोट त्याला आवडलाही होता.

फायनलमध्ये लेकीसमोर खडू होता. शाळेत चित्रकला शिकवायचा, म्हणून सगळे त्याला खडूच म्हणत. दोघांची बरोबरी झाली आणि गोष्ट शेवटच्या फेरीवर आली. जो ही फेरी घेईल, तो विजेता. लेकीने खडूच्या पहिलवानाला कोपऱ्यात कोंडलं. आता फक्त एक फटका. अख्खं सभागृह उभं राहिलं.

लाल दिवा लागला.

तिने पॉज दाबला.

खेळ गोठला. मोठ्या पडद्यावर जाहिरात सुरू झाली आणि एक माणूस गादीवर गाढ झोपी गेला. "झकास!" पंचाच्या कानातल्या इअरफोनमधून निर्मात्याचा आवाज आला. "जाहिरात संपली की खेळ पुढे सुरू करा."

पंचाची मान शरमेने खाली गेली. स्वतःची लेक! मागच्या रांगेत त्या खोलीतली जुनी पोरं बसली होती.  ती सगळी त्याच्याकडेच बघत होती. पेटीत लेक कंट्रोलर खाली ठेवून, हाताची घडी घालून बसली होती, जणू तिचं काम संपलं होतं. त्याला तिचा भयंकर राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला.

तोंड उघडायला हीच वेळ होती. पण आत्ता बोललं तर घराघरांत कोणालाच कळणार नव्हतं, तिकडे तो माणूस घोरत होता. पंच थांबला. जाहिरातीतला माणूस उठला, त्याने आळस दिला, बायकोकडे बघून हसला. दिवा हिरवा झाला. निवेदकाने तोंडभरून पुन्हा स्वागत केलं, आणि पंच सरळ कॅमेऱ्यासमोर जाऊन उभा राहिला.

"पॉज दाबला गेलाय," तो म्हणाला. "फेरी खडूची. आणि विजेताही खडूच."

इअरफोनमध्ये आरडाओरडा सुरू झाला. त्याने तो काढून कोटाच्या खिशात टाकला. मागच्या रांगेतून असा काही गलका उठला की निवेदकाचं बोलणं कोणाला ऐकूच आलं नाही. पहिल्या रांगेतले गादीवाले एकमेकांची तोंडं बघू लागले. लेक पेटीतून बाहेर आली आणि तिने आधी खडूशी हात मिळवला.

निर्माता धापा टाकत तिच्याकडे धावला. "अगं, एका फटक्यावर होतं सगळं! तू करार पाळलास, आणि तुझ्या सख्ख्या बापाने तुला बुडवलं!"

"मी नाही म्हटलं असतं तर तुम्ही पॉज दाबणारा दुसरा कोणी शोधला असता," ती म्हणाली. "पण पंच बाबा होते. ते काय करतील हे मला माहीत होतं, म्हणून तर दाबला."