पुढची फायनल कुणाकडे

“लांब्या,” देवराम म्हणाला. “सरळ तीन सेट.”

शिवरामला वाटलं, आपल्या ऐकण्यातच काही गडबड झाली. टीव्हीवर पॅरिसच्या लाल मातीवर टेनिसच्या फायनलचे दोघं खेळाडू हात मोकळे करत होते. एक उंच, थंड डोक्याचा, तो लांब्या. दुसरा डावखुरा. त्यांच्या खऱ्या नावांशी या दोघा म्हाताऱ्यांना कधीच देणंघेणं नव्हतं. लांब्या शिवरामचा आणि डावखुरा देवरामचा, ही वाटणी केव्हाच झालेली. मातीवर डावखुऱ्याला हरवणारा अजून जन्माला यायचाय, हे ऐकवून ऐकवून देवरामने शिवरामचे कान किटवले होते.

“अरे, डावखुऱ्याचं काय झालं?”

“संपला तो. तू घे त्याला. दोघांनी एकच माणूस धरायचा नाही, ठरलंय ना आपलं?”

ठरलं होतं खरं, विठ्ठलवाडीच्या चाळीत असताना. तेव्हा केबल फक्त सखारामकडे आलेली आणि टीव्ही मात्र जुनाच, ब्लॅक अँड व्हाइट. पडद्यावरची माती राखाडी दिसायची. देवराम शपथेवर सांगायचा, ती लाल आहे, आमच्या राजापूरच्या मातीसारखी; मी तिच्यात कबड्डी खेळलोय, मला शिकवू नका. पुढे चाळीत रंगीत टीव्ही आला आणि माती खरोखरच लाल निघाली, तेव्हा हा पठ्ठ्या महिनाभर छाती काढून फिरला. काय दिवस होते ते! रॅकेट कुणी जन्मात हातात धरली नव्हती, पण भाकितं करायची ती अशी, की खेळाडू शेजारच्या खोलीतच राहत असावेत.

नियम एकच होता. ज्याचं भाकीत चुकेल त्याच्या घरी पुढच्या वर्षीची फायनल. पाहुणा एखाद्या वेळी नाही आला तर चालायचं, पण यजमानाने दांडी मारायची नाही. सखारामने एकदा पाय प्लास्टरमध्ये असताना खाटेवर पडल्या पडल्या सगळ्यांना उसळपाव खाऊ घातला होता. मग चाळ पांगली, सखाराम कायमचा गावी गेला. उरले हे दोघं, एक कळव्याला, एक डोंबिवलीला. गेल्या वर्षी शिवराम चुकला, म्हणून आजची बैठक कळव्यात.

देवराम जिन्यात बसत बसत वर आला होता. बुधवारी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच कुणी तो विषय काढत नव्हतं. आज जाऊ नका, असं लेकीने सांगून पाहिलं, बायकोने, रमाबाईंनी सांगून पाहिलं. ऐकेल तर तो देवराम कसला. शेवटी रमाबाईच सोबत आल्या.

आणि इतकं करून यायचं ते आपला माणूस सोडून द्यायला? शिवरामला मनातून रागच आला. गोळ्यांनी डोकं बधिर झालं असेल, असं म्हणून त्याने डावखुरा पदरात घेतला.

लांब्याने पहिला सेट घेतला. दुसराही घेतला. देवरामचं भाकीत खरं होत होतं. एरवी अशा वेळी त्याच्या जिभेला लगाम नसायचा. आज तो नुसता बसून होता आणि हातातला चहा गार झाला होता.

“भावजी,” रमाबाईंनी हळूच विचारलं, “तो डावखुरा अजून जिंकू शकतो ना?”

“तुम्हाला काय करायचंय वहिनी? तुमचा तर जिंकतोय.”

“नको जिंकायला,” त्या म्हणाल्या. “ह्यांना पुढच्या वर्षीची फायनल आमच्या घरी करायचीय.”

यजमानाने दांडी मारायची नाही. शिवरामला एकदम सगळं कळलं, आणि कळल्यावर त्याला देवरामकडे बघवेना. तो टीव्हीकडे तोंड करून बसला. ज्या डावखुऱ्याला त्याने वर्षानुवर्षं शिव्या घातल्या, त्याच्यासाठी तो आता पोटतिडकीने ओरडायला लागला. ऊठ बाबा, पळ, सोडू नकोस. डावखुऱ्यानेही कमाल केली. तिसरा सेट काढला, चौथा काढला. पाचव्यात रडतखडत बरोबरी साधली आणि शेवटी एक साधा बॉल नेटमध्ये घातला.

“बघ, सांगितलं होतं,” देवराम म्हणाला, पण ते नुसतं सवयीने. तो उठून चपला शोधायला लागला. “म्हणजे पुढच्या वर्षी परत तुझ्याकडेच.”

“थांब,” शिवराम म्हणाला. “काय बोललेलास तू? सरळ तीन सेट ना?”

“बरं मग?”

“पाच झाले. चुकलास.”

“अरे, माझा माणूस जिंकला. तुझा हरला.”

“माझं मी बघेन. मी सेट बोललोच नव्हतो. तू बोललास आणि चुकलास. फायनल डोंबिवलीला.”

देवरामने भांडायला तोंड उघडलं. एका नेटला लागलेल्या बॉलवरून हा माणूस अख्खा पावसाळा भांडलेला. त्याने शिवरामकडे पाहिलं, मग रमाबाईंकडे.

“चुकलो,” तो म्हणाला.

रमाबाईंनी त्याचा हात धरला आणि दोघं जिना उतरू लागले. शिवराम कठड्याशी उभा राहून ऐकत होता. खालून वर येणाऱ्या प्रत्येकाला, ओळख असो नसो, देवराम थांबवून सांगत होता, “चुकलो बरं का मी. साफ चुकलो.”